पाठभेद, अवतरणचिन्हे आणि पहिले पुस्तक

‘वेब प्रोग्रामिंग आणि डेटाबेस शिकायचे आहे, सुरुवातीला कोणते पुस्तक घ्यावे?’ या प्रश्नाला सहसा तीन विशेषणांनी उत्तर दिले जाते : सोपे, स्वस्त आणि ताजे. ग्रंथविक्रेत्याला एवढे उत्तर पुरते. परंतु या तिन्ही विशेषणांना इतिहास आहे, आणि तो इतिहास साहित्याच्या अभ्यासकाला परका वाटण्याचे कारण नाही. हस्तलिखितांच्या सूची, बोलींचे शब्दसंग्रह, जुन्या नियतकालिकांच्या लेखसूची ही कामे आज याच साधनांवर उभी राहतात. ती उभी करणारी व्यक्ती पुष्कळदा भाषेचीच विद्यार्थी असते आणि तिच्या हातात असे एखादे ‘पहिले पुस्तक’ असते.

प्रस्तुत लेखात या पहिल्या पुस्तकाचा थोडक्यात इतिहास पाहून निवडीचे काही निकष मांडण्याचा प्रयत्न आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे : प्रोग्रामिंगचे प्राथमिक पुस्तक वाचकाकडून नकलले जाते. वाचक त्यातील विवेचन विसरतो. त्यातील उदाहरण मात्र त्याच्या बोटांत राहते, पुढे त्याच्या कामात उतरते आणि तेथून इतरांच्या कामात. अशा ग्रंथाची परीक्षा करताना पाठचिकित्सेची दृष्टी उपयोगी पडते. नकलाकाराच्या हातून काय पुढे जाईल, हे पुस्तक विकत घेण्यापूर्वी पाहायला हवे.

नकलेसाठी लिहिलेला ग्रंथ

प्रोग्रामिंगवरील पहिला ग्रंथ म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो विल्क्स, व्हीलर आणि गिल या केंब्रिजच्या तिघांनी लिहिला. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचे शीर्षक ‘द प्रिपरेशन ऑफ प्रोग्राम्स फॉर अॅन इलेक्ट्रॉनिक डिजिटल कॉम्प्युटर’. एडसॅक या केंब्रिजच्या संगणकावरील अनुभवातून तो सिद्ध झाला आणि त्याचा मोठा भाग तयार उपप्रोग्रामांच्या संग्रहाने व्यापलेला होता. वारंवार लागणारी गणिते प्रत्येकाने नव्याने लिहू नयेत, संग्रहातून उचलावीत, अशी त्यामागची कल्पना. म्हणजे या ग्रंथप्रकाराच्या जन्मापासूनच नक्कल करणे हा दोष मानला गेलेला नाही. ती वाचनाची अपेक्षित रीत आहे.

डॅनियल मॅक्क्रॅकन यांचे ‘डिजिटल कॉम्प्युटर प्रोग्रामिंग’ १९५७ साली आले. त्यातील उदाहरणे ‘टायडॅक’ नावाच्या एका काल्पनिक संगणकासाठी लिहिलेली होती. बहुतेक वाचकांसमोर यंत्र नव्हतेच. मग पुस्तकातील यंत्र काल्पनिक असले तरी बिघडत नव्हते. वीस वर्षांनी चित्र पालटले. कर्निगन आणि रिची यांचे ‘द सी प्रोग्रामिंग लँग्वेज’ (१९७८) वाचकाला आरंभीच एक लहानसा प्रोग्राम लिहायला सांगते. जगाला उद्देशून एक अभिवादन पडद्यावर उमटवायचे, एवढेच काम. पण ते करून पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही. त्याच वर्षी डेव्हिड आल यांच्या ‘बेसिक कॉम्प्युटर गेम्स’ची घरगुती संगणकांसाठीची आवृत्ती निघाली. त्यात खेळांचे संपूर्ण प्रोग्राम छापलेले असत आणि वाचक ते ओळीमागून ओळ टंकून घेत. टंकताना एखादे चिन्ह चुकले की खेळ अडे, आणि चूक शोधता शोधता वाचक भाषा शिके. नकलेतून विद्या येते हा आपल्याकडील जुन्या शिक्षणपद्धतीचा अनुभव येथे वेगळ्या वेषात दिसतो.

दोन घराणी

वेब आणि डेटाबेस हे दोन विषय आज एका दमात उच्चारले जात असले, तरी त्यांची ग्रंथपरंपरा भिन्न आहे.

डेटाबेसचे घराणे गणिताचे. एडगर कॉड हे मूळचे इंग्रज गणिती आयबीएम या कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करीत होते. जून १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी मांडले की, माहिती यंत्रात कोठे आणि कशी ठेवली आहे हे ती वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडू नये. त्याला केवळ परस्परांशी संबंध असलेले तक्ते दिसावेत. त्याच प्रयोगशाळेतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली या तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी ‘सीक्वेल’ ही भाषा मांडली. तिचेच नाव पुढे एसक्यूएल झाले. ही भाषा मुद्दाम इंग्रजी वाक्यासारखी रचली होती : अमुक रकाने निवडा, तमुक तक्त्यातून, जेथे अशी अट पूर्ण होते. ज्यांनी कधी प्रोग्राम लिहिलेला नाही त्यांनाही ती शिकता यावी, हा हेतू होता. फिलिस राइसनर यांनी या दोघांसह विद्यार्थ्यांवर तिची चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष १९७५ साली प्रसिद्ध केले. एखादी भाषा नवशिक्याला कितपत जमते हे असे पद्धतशीरपणे तपासले जाणे त्या काळी विरळाच होते. १९७५ मध्येच सी. जे. डेट यांच्या ‘अॅन इंट्रोडक्शन टू डेटाबेस सिस्टिम्स’ची पहिली आवृत्ती आली, २००३ मध्ये आठवी. हा ग्रंथ अभ्यासक्रमांत दीर्घकाळ टिकला, कारण त्यातील विषयच सावकाश बदलणारा होता.

वेबचे घराणे कारागिरांचे. जून १९९५ मध्ये रासमुस लर्डॉर्फ यांनी आपल्या व्यक्तिगत पानासाठी केलेली काही साधने जाहीर केली. त्यांतून पीएचपी ही भाषा वाढली. मायएसक्यूएल हा डेटाबेसही १९९५ चाच. विडेनियस, अॅक्समार्क आणि लार्सन यांनी तो स्वीडनमध्ये उभा केला आणि त्याचे नाव विडेनियस यांच्या मुलीच्या ‘मी’ या नावावरून पडले. ही दोन्ही साधने फुकट मिळत, भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर चालत, आणि कोणत्याही पदवीची पूर्वअट घालत नसत. या जोडीने नवा वाचकवर्ग निर्माण केला : ज्याला गणिताची ओढ नाही, पण एक चालते पान हवे आहे असा.

या वर्गासाठी लिहिलेल्या ग्रंथांत लूक वेलिंग आणि लॉरा थॉमसन यांचे ‘पीएचपी अँड मायएसक्यूएल वेब डेव्हलपमेंट’ (पहिली आवृत्ती २००१) विशेष लक्षणीय ठरले. आरंभी बॉब नावाच्या एका दुकानदाराचे मोटारींच्या सुट्या भागांचे दुकान येते. टायर, तेल आणि स्पार्क प्लग यांची मागणी नोंदवणारा एक अर्ज, एवढाच मामला. पुढच्या प्रकरणात त्या मागण्या साध्या फाइलमध्ये साठवल्या जातात, आणि दोन ग्राहकांनी एकाच वेळी मागणी नोंदवली तर काय, ही अडचण उभी राहते. मग ‘बुक-ओ-रामा’ या काल्पनिक पुस्तकविक्रीच्या निमित्ताने डेटाबेस येतो. आधी फाइलीची कुचंबणा आणि नंतर तक्त्यांची सोडवणूक, या क्रमात चांगल्या कथनाचे तंत्र आहे. साधन हाती देण्यापूर्वी लेखकद्वय त्याची गरज भासवते. डेट यांच्या ग्रंथातील वाचक व्याख्येपासून निघतो, येथील वाचक अडचणीपासून. नवशिक्याला दुसरी वाट जवळची वाटावी यात नवल नाही.

डिसोझांचे आडनाव

या सोप्या वाटेवरच एक खळगा होता, आणि तो भाषेचा असल्यामुळे साहित्याच्या अभ्यासकाने जरा थांबून पाहण्यासारखा आहे.

एसक्यूएलचा प्रश्न हे एक वाक्य असते. ‘ज्याचे नाव “सदानंद” आहे त्याची नोंद दे’ अशा वाक्यात ‘सदानंद’ हा शब्द वापरणाऱ्याकडून येतो. बाकीचे वाक्य प्रोग्राम लिहिणाऱ्याचे. प्राथमिक पुस्तकांत बहुधा अशी रीत असे : वाक्याचा पूर्वार्ध घ्यावा, त्याला अर्जातून आलेला शब्द जोडावा, शेवटी उत्तरार्ध जोडावा. तीन तुकड्यांचे एक वाक्य झाले की ते डेटाबेसकडे धाडावे. शब्द कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे डेटाबेसला केवळ अवतरणचिन्हावरून कळते.

आता गोव्यातील किंवा वसईतील एखादे डिसोझा आपले आडनाव रोमन लिपीत, ‘डी’नंतर वर चिन्ह देऊन लिहितात. एसक्यूएलमध्ये हेच चिन्ह अवतरण संपवते. डेटाबेसच्या दृष्टीने नाव ‘डी’पाशी संपले, उरलेले ‘सोझा’ हे वाक्यातील निरर्थक पद ठरले. पान कोसळते आणि डिसोझांचा अर्ज परत येतो. येथवर प्रकार केवळ गैरसोयीचा आहे. परंतु नावाच्या जागी कोणी जाणूनबुजून अवतरणचिन्ह लिहिले आणि त्यापुढे ‘किंवा एक बरोबर एक’ अशी अट जोडली, तर संपूर्ण वाक्याचा अर्थच फिरतो. एक बरोबर एक ही अट प्रत्येक नोंदीबाबत खरी असल्यामुळे डेटाबेस सगळ्यांचीच माहिती देऊन मोकळा होतो. परक्याचे उद्धृत शब्द अवतरणातून बाहेर पडून लेखकाच्या वाक्याचा भाग बनतात. कोणाचा शब्द कोठे संपतो आणि कोणाचा कोठे सुरू होतो, हा कथनमीमांसेतील नेहमीचा प्रश्न. येथे तो सोडवता न आल्याची किंमत तिसराच माणूस मोजतो, कारण उघडी पडणारी माहिती त्याची असते.

‘फ्रॅक’ या इलेक्ट्रॉनिक नियतकालिकाच्या डिसेंबर १९९८ च्या अंकात जेफ फॉरिस्टल यांनी टोपणनावाने लिहिलेल्या लेखात हा प्रकार वर्णन केला होता. म्हणजे वेलिंग-थॉमसन यांचा ग्रंथ येण्यापूर्वी दोन वर्षे तो जाहीर होता. पीएचपीने त्यावर एक उपाय योजला होता : अर्जातून येणाऱ्या प्रत्येक अवतरणचिन्हामागे आपोआप एक तिरकी रेघ घालायची, म्हणजे डेटाबेस त्या चिन्हाला वाक्याचा शेवट समजणार नाही. ‘मॅजिक कोट्स’ हे त्याचे नाव. जादू अर्धवट होती. सगळे डेटाबेस तिरक्या रेघेचा हा संकेत पाळत नसत. शिवाय एका सर्व्हरवर ही सोय चालू, दुसऱ्यावर बंद. त्यामुळे कोठे संरक्षण नाही, तर कोठे रेघा दोनदा पडून डिसोझांचे आडनाव पानावर रेघांसकट उमटे. अखेर मार्च २०१२ मध्ये पीएचपीच्या ५.४ या आवृत्तीत ही सोय काढून टाकण्यात आली.

खरा उपाय निराळा आणि व्याकरणशुद्ध आहे. प्रथम रिकामी जागा ठेवलेले वाक्य डेटाबेसकडे पाठवायचे. त्याची रचना डेटाबेसने समजून घेतली की मग त्या जागेत भरायचा शब्द स्वतंत्रपणे द्यायचा. वाक्याचे व्याकरण आधीच निश्चित झालेले असल्यामुळे नंतर आलेला शब्द कितीही विचित्र असला तरी शब्दच राहतो. याला ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ म्हणतात. पीएचपीच्या जुलै २००४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून मायएसक्यूएलसाठी ही सोय उपलब्ध होती.

तरीही पुढील कित्येक वर्षे प्राथमिक पाठांत जुनी रीत टिकून राहिली. कारण साधे आहे. तीन तुकडे जोडण्याला एक ओळ लागते. सुरक्षित रीतीला आणखी दोन-तीन ओळी आणि एक संकल्पना लागते. ज्या लेखकाला वाचक विसाव्या पानावर गमावायचा नाही, तो म्हणतो, सुरक्षिततेचा विचार पुढे स्वतंत्र प्रकरणात करू. आणि वाचक तिसऱ्या प्रकरणातील उदाहरण नकलून, आपले पान चालू झाल्याच्या आनंदात, पंचविसाव्या प्रकरणापर्यंत पोहोचतच नाही.

या अनुमानाला २०१७ साली पुरावा मिळाला. संशोधकांच्या एका गटाने लोकप्रिय प्रशिक्षण-पाठांतील सदोष नमुने घेतले आणि गिटहब या संकेतस्थळावरील ६४,४१५ पीएचपी प्रकल्पांत त्यांच्याशी साम्य असलेला मजकूर शोधला. त्यांना अशा ११७ सुरक्षात्रुटी आढळल्या, ज्यांची रचना पाठांतील सदोष नमुन्यांशी जवळून जुळत होती. संख्या अवाढव्य नाही. पद्धती मात्र आपल्या ओळखीची आहे. दोन हस्तलिखितांत तोच अपपाठ आढळला की ती एका कुळातील असल्याचे संपादक मानतो. योग्य पाठ दोघांकडे स्वतंत्रपणे असू शकतो, तीच चूक सहसा नसते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात वि. स. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी पोथ्यांची कुळे लावली ती याच जातीच्या युक्तिवादाने. सुकथनकर पोथ्यांकडून मूळ पाठाकडे गेले. २०१७ च्या संशोधकांना मूळ अपपाठ ठाऊक होता आणि त्यांनी त्याची संतती शोधली.

पुस्तक जुने होते म्हणजे काय

कादंबरीची जुनी प्रत वाचकाला काही कमी देत नाही. प्रोग्रामिंगचे पुस्तक मात्र कपाटात ठेवल्या ठेवल्या बदलते, कारण ते ज्या यंत्रणेविषयी बोलते ती बाहेर बदलत असते.

पीएचपीच्या आरंभीच्या काळात अर्जातील रकान्याचे नाव हेच प्रोग्राममधील चलाचे नाव होई. ही सोय इतकी सुटसुटीत होती की अनेक पुस्तकांनी तीच शिकवली. परंतु तिच्यामुळे परका माणूस प्रोग्राममधील चलांत हवे ते भरू शके. म्हणून एप्रिल २००२ मध्ये आलेल्या ४.२.० या आवृत्तीपासून ती मूळ मांडणीत बंद ठेवण्यात आली. आदल्या वर्षी छापलेले पुस्तक पुढ्यात घेऊन बसलेल्या नवशिक्याचे काय झाले असेल, याची कल्पना करावी. त्याने प्रत्येक ओळ अचूक उतरवली. पान उघडले, पण मागणीच्या जागा रिकाम्या. यंत्राने चूक दाखवलीच असे नाही. पुस्तक खोटे नव्हते आणि विद्यार्थीही चुकला नव्हता. अशा वेळी नवशिका दोष स्वतःकडे घेतो आणि पुष्कळदा विषयच सोडतो.

असाच प्रकार पासवर्डांचा. मायएसक्यूएलमधील पासवर्ड झाकणारे फंक्शन पूर्वी १६ अक्षरांचे उत्तर देई. २००४ मध्ये स्थिरावलेल्या ४.१ आवृत्तीत ते ४१ अक्षरांचे झाले. ज्यांनी पुस्तकात पाहून १६ अक्षरांचा रकाना केला होता, त्यांच्या तक्त्यांत नवे उत्तर मावेना. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपीच्या सातव्या आवृत्तीतून मायएसक्यूएलशी बोलणारी जुनी फंक्शने पूर्णतः काढून टाकण्यात आली, आणि त्यांवर बेतलेली पुस्तके त्या दिवसापासून आपल्या पहिल्याच डेटाबेस-उदाहरणापाशी थांबू लागली.

सर्वांत विलक्षण कथा सहाव्या आवृत्तीची. जगातील सर्व लिप्या मुळापासून हाताळू शकेल अशी पीएचपीची सहावी आवृत्ती करण्याचा संकल्प होता. प्रकाशकांनी वाट पाहिली नाही. रॉक्स या प्रकाशनाचे २००९ मधील एक प्राथमिक पुस्तक तर पीएचपी ६ आणि मायएसक्यूएल ६ या दोहोंची नावे मुखपृष्ठावर घेऊन आले. यांपैकी एकही आवृत्ती पूर्णत्वास गेली नाही. पीएचपीचा तो प्रयत्न २०१० मध्ये सोडून देण्यात आला आणि मायएसक्यूएलने पुढे ५.७ वरून थेट ८.० गाठले. २०१४ साली पुढील पीएचपीला कोणता क्रमांक द्यावा यावर विकसकांनी मतदान घेतले, तेव्हा ‘सहा’ टाळून ‘सात’ घ्यावा या बाजूच्या युक्तिवादांत एक असाही होता की, सहाव्या आवृत्तीची पुस्तके बाजारात आधीच आहेत आणि वाचकांचा घोटाळा होईल. अस्तित्वात नसलेल्या भाषेवरील पुस्तकांनी अस्तित्वातील भाषेचा क्रमांक ठरवण्यात वाटा उचलला. ग्रंथेतिहासात असे उदाहरण क्वचितच सापडेल.

आपल्याकडे

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला ही पुस्तके दोन वाटांनी भेटली. एक वाट भारतीय पुनर्मुद्रणांची. ओरायली या अमेरिकी प्रकाशनाची, मुखपृष्ठावर प्राण्यांची रेखाचित्रे असलेली पुस्तके मुंबईच्या श्रॉफ पब्लिशर्सने भारतीय किमतीत छापली. दुसरी वाट देशी लेखनाची. दिल्लीच्या बीपीबी प्रकाशनाने काढलेले आयव्हन बेरोस यांचे ‘एसक्यूएल, पीएल/एसक्यूएल’ हे ओरॅकल डेटाबेसवरील पुस्तक या वाटेवरचे ठळक नाव. त्याच्या स्वाध्यायांतील ग्राहकांच्या तक्त्यात मुंबईसारखी आपल्या ओळखीची शहरे येतात, आणि पहिल्या ग्राहकाच्या जागी लेखकाने स्वतःचेच नाव घातले आहे. बॉबच्या टायरांपेक्षा ही नावे आपल्या विद्यार्थ्याला जवळची होती. ते तक्ते महाविद्यालयांच्या प्रयोगवह्यांत नकलले गेले, एका वहीतून दुसऱ्या वहीत गेले, आणि मूळ पुस्तक न पाहिलेल्या विद्यार्थ्यांनीही ते लिहिले. नकलेचा प्रवास असा पुस्तकाच्याही पुढे जातो.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर मिळणारे जुने पुस्तक ही आपली सवयीची सोय. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला तिने कधी दगा दिलेला नाही. या विषयात मात्र दोन आवृत्त्या मागे असलेले पुस्तक स्वस्त पडत नाही. वाचलेले पैसे अडलेल्या दिवसांत फिटतात.

याहून मोठा प्रश्न लिपीचा. ही पुस्तके इंग्रजीत आणि त्यांतील उदाहरणेही रोमन अक्षरांची. ‘मराठी’ हा शब्द युनिकोडमध्ये म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशा पाच चिन्हांनी लिहिला जातो आणि यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पीएचपीचे लांबी मोजणारे साधे फंक्शन या शब्दाची लांबी १५ सांगते. शीर्षकाचे पहिले दहा बाइट कापून दाखवायचे ठरवले, तर काना झाल्यावर ‘ठ’च्या मधोमध कात्री चालते आणि पानावर तुटके चिन्ह उरते. मायएसक्यूएलमध्ये २०१८ सालच्या ८.० आवृत्तीपर्यंत मूळ मांडणी पश्चिम युरोपीय अक्षरसंचाची होती आणि अक्षरानुक्रम स्वीडिश भाषेचा. त्या मांडणीतल्या रकान्यात देवनागरी मजकूर घालताना त्याचे रूपांतर होऊ शकले नाही, तर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे साठवली जात. आणि साठवलेल्या प्रश्नचिन्हांतून मूळ कविता परत मिळवण्याचा मार्ग नाही. इंग्रजी वाचकासाठी लिहिणाऱ्या लेखकाला हे प्रकरण गाळता येत होते. आपल्याला येत नाही.

निवड

या इतिहासातून काही निकष हाती येतात. दुकानात किंवा ग्रंथालयात उभ्या उभ्या पंधरा मिनिटांत ते लावून पाहता येतील.

पहिला निकष अवतरणाचा. अर्जातून आलेला शब्द एसक्यूएलच्या वाक्यात प्रथम ज्या पानावर शिरतो, ते पान उघडावे. तेथे रिकामी जागा ठेवून शब्द स्वतंत्रपणे दिला असेल, तर पुस्तकाने परीक्षेचा मोठा भाग पार केला. तुकडे जोडलेले असतील आणि ‘सुरक्षिततेविषयी पुढे पाहू’ असे आश्वासन असेल, तर पुस्तक ठेवून द्यावे. या बाबतीत वेलिंग-थॉमसन यांच्या ग्रंथाच्या आवृत्त्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत : आरंभीच्या आवृत्त्या तिरक्या रेघेवर विसंबतात, २०१६ ची पाचवी आवृत्ती प्रिपेअर्ड स्टेटमेंटवर. एकाच ग्रंथाचे हे पाठभेद म्हणजे त्या पंधरा वर्षांत या व्यवसायाने काय शिकले याचा दस्तऐवज आहे.

दुसरा निकष तक्त्यांच्या रचनेचा. समजा, आपल्याला कवितासंग्रह आणि नाटके यांची सूची करायची आहे. ‘लेखक’ हा एकच रकाना ठेवला, तर ‘कुसुमाग्रज’ आणि ‘वि. वा. शिरवाडकर’ ही यंत्राच्या लेखी दोन माणसे होतात आणि एकाचा शोध घेणाऱ्याला दुसऱ्याची पुस्तके सापडत नाहीत. व्यक्तींचा एक तक्ता, त्यांच्या नावांचा दुसरा आणि ग्रंथांचा तिसरा, अशी रचना का करावी हे जे पुस्तक स्वतःच्या उदाहरणातून पटवून देते, ते कॉड यांचा विचार वाचकापर्यंत पोहोचवते. नुसती ‘तक्ता तयार करण्याची आज्ञा’ देणारे पुस्तक हा विचार गाळते, आणि तो नंतर शिकायचा तर भरलेले तक्ते मोडावे लागतात.

तिसरा निकष लिपीचा : सूचीत अक्षरसंच किंवा युनिकोड ही नोंद आहे का, आणि असल्यास त्यावर एक परिच्छेद आहे की एक प्रकरण. चौथा निकष आवृत्तीचा : प्रस्तावनेत कोणत्या साधनाची कोणती आवृत्ती गृहीत धरली आहे, आणि मागील मुद्रणापासून काय बदलले, हे लेखक सांगतो का. मुखपृष्ठावरील क्रमांकावर किती विसंबावे, हे सहाव्या आवृत्तीच्या कथेने दाखवलेच आहे.

शेवटचे सूचन असे की, एक पुस्तक घेण्याऐवजी दोन घ्यावीत, आणि त्यांना सारखे लेखू नये. १९७० चा कॉड यांचा विचार आणि १९७४ च्या वाक्याचा सांगाडा आजही ओळखू येतो. त्यामुळे डेटाबेसवरील पुस्तक संग्रही ठेवण्यासाठी विकत घ्यावे. अॅलन बोलू यांचे ‘लर्निंग एसक्यूएल’ (पहिली आवृत्ती २००५, तिसरी २०२०) नवशिक्याला मानवणारे आहे. वेबवरील पुस्तक मात्र ग्रंथालयातून आणावे, शक्य तेवढे नवे आणावे, आणि काम झाले की परत करावे. जॉन डकेट यांचे २०२२ चे ‘पीएचपी अँड मायएसक्यूएल’ किंवा रॉबिन निक्सन यांच्या २००९ पासून सुधारत आलेल्या पुस्तकाची अलीकडची आवृत्ती या कामाला चालेल. वरील निकष त्यांनाही लावून पाहावेत.

आता यंत्रच प्रोग्राम लिहून देते, मग पहिल्या पुस्तकाची चिंता कशाला, असा आक्षेप येईल. ही यंत्रे जगभर साठलेल्या प्रोग्रामांच्या वाचनातून शिकली आहेत, आणि त्या साठ्यात वर सांगितलेल्या अपपाठांची संततीही आहे. २०२१ मध्ये अशा एका सहायकाकडून संशोधकांनी सुरक्षेच्या दृष्टीने नाजूक प्रसंगांसाठी १,६८९ प्रोग्राम लिहून घेतले. त्यांपैकी सुमारे ४० टक्के प्रोग्रामांत त्रुटी होत्या. नकलाकार बदलला, वेगही वाढला. पाठ तपासणाऱ्याची गरज उरलीच. यंत्राने लिहून दिलेल्या वाक्यात परक्याचा शब्द कोठे संपतो हे ज्याला वाचता येते, त्यालाच डिसोझांची नोंद विश्वासाने सोपवता येईल. ते वाचायला शिकवते की नाही, एवढे पहिल्या पुस्तकाला विचारावे.